रुमालाखालचं पाचवं बोट

१

पंच्याण्णव हजार रुपये गेले तेव्हा ऋतुजा शेंगपेंडीचं पोतं डोक्यावर घेऊन बाजारातून वाट काढत होती. परत येऊन पाहते तो सासूने तिचं गाठोडं बांधून वाघरीबाहेर ठेवलेलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. सोलापूरच्या जत्रेत, जनावरांच्या बाजारात, सांगोल्याकडून आलेल्या धनगरांचं घर तेवढंच असतं. आणि घराबाहेर ठेवलेल्या सुनेच्या गाठोड्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"आली बघा महामाया," केराबाई म्हणाली. "घर धुऊन न्हेलं आन् वर पेंड आणाय गेली."

सासरा गुंडा फोन हातात धरून जमिनीकडे बघत बसला होता. त्याच्या पाठीशी राघू बांधलेला. राघू म्हणजे त्याचा माडग्याळ मेंढा; पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, म्हणून राघू. काल त्याचा सौदा झाला होता आणि आज सकाळी पैसे यायचे होते. पैसे यायचे राहिले बाजूला, लोकर, कोकरं आणि लेंडीखत विकून खात्यात साठलेले उलटे निघून गेले होते.

सौदा करणारा अक्कलकोटचा नंदीश, भस्माचे पट्टे ओढलेला तापट व्यापारी, कमरेवर हात ठेवून उभा होता. "मी काल एक रुपया पाठवला, बरोबर खातं हाय का बघायला. तेवढाच," तो म्हणाला. "बाकी मी काही पाठवलं न्हाई, मागितलं न्हाई. तुमच्या घरचं तुमी निस्तरा."

गुंडाचा चुलतभाऊ येडू मध्येच ओरडला, "निस्तरायचं काय त्यात? त्या पाटीनं घात केला. समद्या बाजाराला किल्ली वाटली हिनं."

पाटी ऋतुजानेच रंगवली होती. मेंढ्याची जात, गुंडाचं नाव आणि खाली इंग्रजी अक्षरांत त्याचा यूपीआय आयडी. ती बारावी शिकलेली, जेऊरची. गुंडाचा आयडी तिनेच काढून दिला होता, आणि घरात शिकलेल्या सुनेचं जे होतं तेच तिचं झालं होतं: काम अडलं की लाडकी, काही हरवलं की चोर.

"पाटी वाचून कुणी वाघरीचं त्वांड सोडू शकतंय व्हय?" ती म्हणाली. "आयडी पैसं यायची वाट हाय. जायची वाट पिन दाबल्याबिगर उघडत न्हाय, आन् पिन मामांनी माझ्याकडं पाठ फिरवून घातलाय."

कुणी ऐकून घेतलं नाही. तिने फोन सासऱ्याच्या हातातून जवळजवळ हिसकला. पैसे कुण्या अनोळखी नावाच्या खात्यात गेले होते. तिने तिथेच उभ्या उभ्या १९३० ला, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी, फोन लावला, शिव्या कानावर झेलत सगळं सांगितलं आणि तक्रारीचा नंबर पदराच्या टोकाला गाठ मारावी तसा मनात बांधून ठेवला.

"आता पोलिसाचं नाटक," येडू म्हणाला.

तिचा नवरा मल्हार राघूला पाणी दाखवत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "कुणी वरडू नका. सांजच्या गाडीनं हिला जेऊरला सोडून येतो."

दलाल गुरुबसप्पा शेजारच्या दावणीवरून उठून आले. बाजारात भांडण झालं की न्याय त्यांनीच करायचा, अशी रीत होती. "दुपारची भाकरी होईतोवर येळ देतो," ते ऋतुजाला म्हणाले. "त्वा केलं न्हाईस तर कुणी केलं ते सांग. न्हाईतर गाठोडं उचल. मग जन्मभर चोरटीच म्हणतील तुला, हितं बी आन् म्हायेरात बी."

२

तिने सासऱ्यापासून सुरुवात केली.

"मामा, फोन कसा आला ते सांगा."

"तुला कशाला सांगू? तूच केलायस."

"मी केलंय तर मला म्हाईतच हाय. मग सांगाय तुमचं काय जातंय?"

गुंडा नाइलाजाने बोलला. सकाळी तो राघूच्या अंगाला तेल चोळत होता. अनोळखी नंबरावरून कुणीतरी बोललं: नंदीशअण्णांच्या पेढीवरून बोलतोय, पैसे सोडतोय, तुमच्या बाईच्या फोनवर चौकड्यांचं क्यूआर चित्र टाकलंय, ते तुमच्या फोनने टिपा आणि तुमचा पिन दाबा. चित्र खरोखरच केराबाईच्या फोनवर आलेलं होतं. गुंडाने टिपलं. पडद्यावर आकडा आला. त्याने पिन दाबला.

"पैसं घ्यायला काय बी दाबावं लागत न्हाय, हे मी तुमाला धा येळा सांगिटलं हुतं."

"सांगिटलं हुतंस," गुंडा चिडून म्हणाला. "पर सौदा एका हाताचा असतोय व्हय?"

म्हाताऱ्याचं चुकलं कुठे ते ऋतुजाला त्या एका वाक्यात दिसलं. या बाजारात मोठ्या जनावराचा भाव तोंडाने ठरत नाही. हातांवर रुमाल टाकायचा, गिऱ्हाइकाने खालून विकणाऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितके हजार. विकणाऱ्याने उलट दाबलं की सौदा पक्का. उलट दाबल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी जनावर हलत नाही. आयुष्यभर ज्याने पैसे घेताना उलट दाबलं, त्याला फोनने दाब म्हटल्यावर त्याने दाबलं. ज्याने कुणी ही युक्ती लढवली त्याला गुंडाचा हा स्वभाव चांगला ठाऊक असणार, हे तिने मनात ठेवलं.

"पडद्यावर काय लिवलेलं वाचलं न्हाई?"

"इंग्रजी हुतं. आकडा तेवढा वळखला. पंच्याण्णव हजार. म्हटलं, अण्णाला मेंढा आवडला, हजार रुपय मानाचं जास्त दिलं."

"जास्त?" ऋतुजाचा आवाज खाली आला. "मग सौदा कितीचा हुता?"

"चौऱ्याण्णवचा. तुला म्हाईत न्हाय का?"

माहीत होतं. आणि म्हणूनच तो वाढीव हजार तिला खटकला. खरा आकडा घातला असता तर म्हाताऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं. मग चोराने हजार वाढवून संशयाला आमंत्रण का दिलं असेल?

३

बोली नव्वदपर्यंत उघड चढली होती. वरचा आकडा रुमालाखालचा, आणि जनावर वाघरीबाहेर पडेपर्यंत तो उच्चारायचा नाही, दृष्ट लागते, अशी रीत. तेव्हा ऋतुजाने सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं.

गुरुबसप्पा चहा फुंकत होते. "अप्पा, राघू कितीला गेला?"

"चोरानं फौजदारकी करायची, असं दिवस आलं." पण ते बोलले. "चौऱ्याण्णव. गुंडानं काल माझी दलाली त्यावरच दिली. मी आकडा कुणाला सांगत न्हाय. सांगितला असता तर हा धंदा चालला नसता."

केराबाई चुलीपाशी होती. तिने प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "चौऱ्याण्णव! काल हितंच भाकरी थापताना तुला मीच सांगिटलं की. झडली माझी जीभ. तितनंच तुझ्या डोळ्यात आलं."

"अप्पा, ऐकलं न्हवं?" ऋतुजा मागे वळून म्हणाली. "आत्ती म्हंत्यात, मला त्यांनी चौऱ्याण्णव सांगिटला."

"ऐकलं," गुरुबसप्पा म्हणाले. "मग?"

"मग काय न्हाय. ध्येनात ठेवा."

केराबाईने पीठ असं आपटलं की परात चुलीला लागली. सुनेच्या बोलण्यातलं काही कळलं नाही, की तिचा राग दुप्पट व्हायचा.

येडू विडी ओढत बसला होता आणि त्याच्या तोंडात विडीपेक्षा जास्त धूर होता. "मला कोण इचारतंय? नव्वदच्या वर गेला, एवढंच ठावं. काल वैनीला इचारावं म्हून फोन लावला, तर बंदच लागतोय."

"कुठल्या नंबराला लावला?"

"एकच नंबर हाय की. वरसानुवरसं त्योच."

ऋतुजाने मान हलवली. परवा जुन्या कार्डाला रेंज मिळेना म्हणून जत्रेत रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या माणसाकडून केराबाईला नवं कार्ड घेतलं होतं. नंबर अजून घराबाहेर गेलेला नव्हता. आणि तरीही चौकड्यांचं ते चित्र आलं होतं याच नव्या नंबरावर.

चोर बाहेरचा नव्हता.

मल्हार राघूच्या गळ्यातली घुंगरमाळ पुसत होता. त्याच्यात आणि बापात दिवाळीपासून अबोला होता. एकाच वाघरीत राहून दोघे निरोप बायकांकरवी धाडायचे.

"राघू कितीला गेला?" तिने विचारलं.

"पंच्याण्णव."

"कुणी सांगिटलं?"

"गेलं किती? पंच्याण्णव. मग इकला कितीला आसंल? तेवढं डोकं हाय मला." त्याने माळ खाली ठेवली. "तू आपलं गाठोडं बघ. गाडी कुणासाठी थांबत न्हाय."

तो बोलला त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण रोज स्वतः पेंड आणणाऱ्या माणसाने आजच सकाळी ते काम बायकोवर का टाकलं, हा काटा तिला आत्ता टोचला. तिला वाटलं, आपण संतापाने आंधळ्या झालोय. सप्तपदी चाललेल्या माणसावर असा संशय घ्यायचा तर हातात काहीतरी पक्कं हवं.

४

नंदीश आपल्या गाडीशी उभा राहून ड्रायव्हरला कन्नडमध्ये शिव्या देत होता. ऋतुजाला बघून त्याने त्या मराठीत चालू ठेवल्या.

"अण्णा, राघूचा भाव काय ठरलाय?"

"पंच्याण्णव. आणखी किती जणांना सांगू?"

त्याचं शेवटचं वाक्य तिने कानाआड केलं नाही, पण आधी पहिल्याचा निकाल लावायला हवा होता. ती त्याला घेऊन वाघरीकडे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अण्णा पंच्याण्णव म्हंत्यात. मामा चौऱ्याण्णव म्हंत्यात. सौदा एक, आकडं दोन."

मग जो गोंधळ झाला तो झाला. गुंडा तडकन उठला. "माझ्या हातात चार बोटं धरली हुती ह्यानं! चार म्हंजे चार!"

"अख्खा पंजा धरला, अख्खा!" नंदीश म्हणाला. "पंजा म्हंजे पाच. हजार कमी घ्यायचा असंल तर घे बाबा, माझं काय जातंय? पण मला खोटं पाडू नको."

कमी घेतो म्हणून भांडणारा विकणारा आणि जास्त देतो म्हणून भांडणारा गिऱ्हाईक त्या बाजाराने पहिल्यांदाच बघितले असतील. दोघेही एकमेकांच्या अंगावर धावायच्या बेतात होते.

"मामा," ऋतुजा म्हणाली, "हात दावा."

"रुमालाखालचं उघड्यावर करायचं न्हाय," गुरुबसप्पांनी दटावलं.

"धरू नका कुणी. निस्ता दावा."

गुंडाने उजवा हात पुढे केला. करंगळीच्या जागी गुळगुळीत खुंट होता. करंगळी कडबाकुट्टीत गेलेली, फार वर्षांपूर्वी. बाजारातली जुनी माणसं गुंडाशी सौदा करताना चाराला पंजा धरायची आणि पाचाला मनगट. नंदीश या दावणीला पहिल्यांदा आलेला. रुमालाखाली डोळे नसतात. त्याने सवयीने पंजा मुठीत घेतला, पाच समजून. गुंडाने सवयीने चार समजून उलट दाबलं. दोघे खुशीत उठले.

गुरुबसप्पांनी कपाळाला हात लावला. "अरं देवा. पाचवं बोटच न्हाय की ह्याला."

"म्हंजे," ऋतुजा सावकाश म्हणाली, "चोरानं हजार वाढवला न्हाई. त्येला आकडाच तसा ठावा हुता."

आणि आता तिला नाव कळलं होतं.

५

"आदी रुपयाचं बोलू," तिने सुरुवात केली. "मामा, काल सांजच्याला अण्णांचा रुपया आला तवा तुमी काय दाबलं?"

"मी राघूला पाणी पाजत हुतो. फोन झोळीत हुता."

"म्हंजे पाटीवरची आयडी बघून पैसं आलं, आन् तुमाला हात बी लावाय लागला न्हाई. तेवढंच तिचं काम. तवा पाटीला आन् मला आयडीपायी दोष देऊ नका. पिन दाबला तो तुमी."

गुंडाने मान खाली घातली.

"आता आकडा. मामांकडनं ज्यांना कळलं त्यांना चौऱ्याण्णव ठावा. त्यात अप्पा आलं, आत्ती आल्या, आन् आत्तींनी मला सांगिटलं ते अप्पांनी ऐकलंय. मी चोर असते तर चौऱ्याण्णवचंच चित्र धाडलं असतं. मला दुसरा आकडा म्हाईतच न्हवता."

सुनेला दोषी ठरवणारी केराबाईचीच जीभ सुनेला सोडवून गेली होती.

"पंच्याण्णव ठावा हुता अण्णांना. पर अण्णांना आत्तींचा नवा नंबर म्हाईत न्हाय. अप्पांना न्हाय. तात्या तर अजून जुन्यालाच फोन लावत्यात." येडूने विडी विझवली. "नवा नंबर आमा चौघांनाच ठावा. त्यातल्या तिघांना चौऱ्याण्णव ठावा. उरला कोण? घरातलाच, पर ज्येला बापानं भाव सांगिटला न्हाई. म्हून ज्येनं गिऱ्हाइकाला जाऊन इचारला."

कुणी मल्हारकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"अण्णा," ती नंदीशकडे वळली, "मघाशी म्हनला, आणखी किती जणांना सांगू. काल कुणाला सांगिटला?"

नंदीशने बोट केलं. "हौदु, व्हय, ह्यालाच. घुंगरमाळ संगं द्यायची का विचारायला आलता. घरचाच पोरगा, म्हणून सांगितला. त्यात काय चोरी?"

मल्हारने नाकारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर लाजेपेक्षा वैतागच जास्त होता. "माझ्याच बापाचं हुतं," तो म्हणाला. "कुर्डुवाडीच्या माझ्या दोस्तासंगं, गुरूसंगं, भागीत पिकअप घ्यायची हुती. इचारलं तर ह्यो म्हनला, मेंढरं इकून चाकं घ्यायची न्हाईत. गुरूच बोलला फोनवर. पैसं त्येच्या मेव्हण्याच्या खात्यात हाईत, कुटं पळून गेलं न्हाईत."

"आन् मी?" ऋतुजाने विचारलं.

"तुला काय हुतंय? चार महिनं म्हायेरी ऱ्हायली असतीस. मग आणलीच असती की."

त्या वाक्यावर बाजाराचा गलबला तिच्या कानांतून नाहीसा झाला. चोरी तिने कदाचित पचवली असती. पण चोरटीचा शिक्का आणि चार महिने असं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, बैलाला नाल ठोकायचा दिवस ठरवावा तसं. तिला त्याची किळस आली.

गुंडा उठला आणि लेकाच्या थोबाडीत मारली. दिवाळीपासून बापाने लेकाशी साधलेला तो पहिला संवाद. मग मल्हारने फोन लावला, गुरूला चार शब्द बोलला, आणि थोड्या वेळाने गुंडाच्या फोनने पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगितलं. म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. त्याला कुणी काही दाबायला सांगितलं नव्हतं.

नंदीशने पैसे पाठवले. हजारावरून पुन्हा तंटा होणार होता, तो गुरुबसप्पांनी पाचशे इकडे पाचशे तिकडे करून मिटवला. राघू गाडीत चढला. केराबाईने भाकऱ्या उलथल्या आणि कुणाकडेही न बघता एक ताट जास्त मांडलं. तिची माफी मागायची पद्धत तेवढीच होती.

गुरुबसप्पा खाकरले. "तेवढी ती तक्रार राहिली. पैसं आलं, घरातलं घरात मिटलं. पोरी, आता ती काढून टाक. न्हाईतर उद्या मल्हारला चौकीत बसाय लागंल."

तेव्हा गुंडा तिच्यासमोर येऊन खाली बसला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि उजव्या हातावर टाकला. मग तो हात रुमालासकट तिच्यापुढे धरला. आजूबाजूच्या दावणींवरची माणसं बघायला थांबली. या बाजारात बाईचा हात रुमालाखाली कधी गेला नव्हता, आणि गुंडासारखा माणूस तो मागत होता.

तिने हात रुमालाखाली घातला. म्हाताऱ्याची चार बोटं गरम होती. त्याने तिचा पंजा धरला, अख्खा, आणि दाबला. तक्रार काढ. घरात ऱ्हा. पोराला वाचव. तोंडाने न सांगता सगळं त्या दाबण्यात होतं, आणि त्यात त्याचं रडूही होतं. तिला त्याची दया आली.

सगळे वाट बघत होते. तिने फक्त उलट दाबायचं होतं.

"मामा," ती म्हणाली, "सौदा एका हाताचा असतोय व्हय?"

तिने हात तसाच, सैल, रुमालाखालून काढून घेतला. गाठोडं सासूने सकाळीच बांधून ठेवलं होतं. ते उचलून ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. मल्हारने मागून दोनदा हाक मारली. तक्रारीचा नंबर तिला पाठ होता.